उंचीची भीती असलेल्या शिकाऊ वैमानिकांसाठी: क्वेस्ट ३ आणि एक्स-प्लेन १२

गच्चीच्या कठड्यापाशी पाय लटपटणारे पुष्कळ जण विमान सरळ उडत असताना निर्धास्त असतात. नजरेला थेट जमिनीपर्यंत नेणारी भिंत किंवा कडा तिथे नसते. भीती उसळते ती वळणात. पंख खाली झुकतो, खिडकीभर जमीन येते, शिकणारा नकळत उलट बाजूला कलतो, योक (विमानाचं सुकाणू) आवळून ओढतो आणि उंची बिघडते. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून नेमका हा क्षण घोटून घ्यायला क्वेस्ट ३ हा आभासी दुनिया दाखवणारा हेडसेट आणि एक्स-प्लेन १२ हा संगणकावरचा विमानोड्डाणाचा सिम्युलेटर, ही जोडी फार उपयोगी आहे.

मॉनिटरवर वाकून खाली बघता येत नाही. हेडसेट घालून डावीकडे झुकलं की सेसना १७२ या छोट्या विमानाचं चाक आणि त्याखालची खाडी दिसते. एक्स-प्लेनला मात्र तगड्या ग्राफिक्स कार्डचा पीसी लागतोच. हेडसेटवरचं चाक फिरवून बुबुळांमधलं अंतर आधी जुळवा. चित्र अडखळलं तर इमारतींची घनता कमी करा, नाहीतर मळमळ ठरलेली. तोंडाला पाणी सुटणं ही मळमळीची खूण, भीतीची नव्हे. तेव्हा लगेच थांबा.

जुहूहून उडून ठाणे खाडीवर ३,००० फुटांवर या. ९० नॉट वेगाला ट्रिम (योकवरचा ताण काढून टाकणारी सोय) नीट लावा, म्हणजे योक दोन बोटांनी धरता येतो. पहिली वळणं उजवीकडे, पंख १५ अंश झुकवून: डाव्या सीटवरून त्या बाजूची जमीन कमी दिसते. मग डावीकडे १५, ३० आणि शेवटी ४५ अंश. भीतीला १० पैकी गुण द्या आणि ते निम्म्यावर येईपर्यंत वळण सोडू नका. भीती टिपेला असताना पंख सरळ केले की सुटकेचीच सवय लागते. १,००० फुटांचा सराव सगळ्यात शेवटी ठेवा, कारण खाली आल्यावर घरं-रस्ते सरकताना दिसतात आणि पोटात जास्त गोळा येतो.

उणिवा आहेतच. खाडी आणि येऊरचे डोंगर ओळखू येतात, घोडबंदरचे टॉवर हुबेहूब नाहीत. ४५ अंशांच्या वळणात शरीरावर सुमारे १.४ पट भार येतो, तो इथे अजिबात जाणवत नाही. ते इन्स्ट्रक्टरबरोबरच शिकायचं. हेडसेटच्या कंट्रोलरने आभासी योक धरणं डळमळीत वाटतं, टेबलाला घट्ट बसवलेली जॉयस्टिक बरी. मे महिन्यात हेडसेटचा चेहऱ्याला टेकणारा स्पंज घामाने भिजतो, म्हणून समोर पंखा लावा. वाऱ्याने मळमळही कमी होते.

जमिनीवर उभं असतानाही खोली गरगरत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. भीतीवरची गोळी घेऊन उड्डाणाला जाऊ नका. औषध चालू असेल तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. एक्स-प्लेनचा मोफत डेमो मिळतो, आपल्या पीसीवर तो सुरळीत चालतो का हे बघूनच हेडसेट घ्या.