खारं पाणी पिकाला: गोड्यात मिसळून द्यावं की आलटून-पालटून?

सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड पट्ट्यात अनेकांच्या हाताशी दोन तऱ्हेचं पाणी असतं. कालव्याचं किंवा नदीवरून उचललेलं गोडं, आणि विहिरीचं किंवा निचऱ्याच्या चारीतलं मचूळ. गोडं पुरत नाही, नुसतं मचूळ पिकाला झेपत नाही. मग दोन्ही एकत्र करायचं की एकेक पाळी वेगळी द्यायची?

आधी पाण्याची इसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती याचं माप) मोजून घ्या. अहवालातला आकडा मायक्रोसायमनमध्ये असेल तर १००० ने भागा, म्हणजे डेसीसायमन मिळेल. खालचे सगळे आकडे डेसीसायमनमध्ये आहेत.

समजा गोड्याची इसी ०.५ आहे, मचूळाची ३, आणि गव्हाला पाच पाणी द्यायचंय: दोन गोडी, तीन मचूळ. एकराला ५ सेंमी पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. इसी ३ च्या अशा एका पाण्यातून साधारण ३८५ किलो क्षार शेतात येतात, तिन्हींतून साडेअकराशेच्या आसपास. मिसळा की वेगळं द्या, हा आकडा बदलत नाही. बदलते ती क्षार येण्याची वेळ.

मिसळलं तर पाचही पाणी इसी २ चं होतं, म्हणजे ओलवणीचं (पेरणीआधीचं) सुद्धा. आलटून-पालटून देताना ओलवणी आणि २१ व्या दिवसाचं, मुकुटमुळं फुटतानाचं पाणी गोडं द्यायचं. मचूळ त्यानंतर. उगवतं बी आणि कोवळं रोप क्षाराला सगळ्यात हळवं असतं. मुळं खोल गेलेला गहू जमिनीची इसी ६ पर्यंत उत्पादन फारसं न घटता सोसतो.

दुसरा मुद्दा याहून मोठा. मिसळलं की गोडं पाणीही बिघडतं. निचरा चांगला असला तरी जमिनीची इसी पाण्याच्या दीडपट धरावी. इसी २ च्या पाण्यानं ती ३ वर जाते. कांदा जमिनीची इसी १.२ पर्यंतच सोसतो, ही त्याची मर्यादा, आणि पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादनात १६ टक्के घट. म्हणजे कांदा जवळजवळ ३० टक्के गेला. तेच गोडं पाणी वेगळं राखलं तर कांद्याचं वावर त्यावर निघतं आणि मचूळ गव्हाला घालता येतं. हंगामी पिकं असतील तर आमचा कौल आलटून-पालटूनलाच.

ऊस मात्र वेगळा. तो वर्षभर रानात, त्याची मर्यादा १.७. विहिरीची इसी १.५ असेल आणि निम्मं-निम्मं मिसळलं तर पाणी १ चं, जमीन दीडची. ऊस सांभाळला जातो. इथं मिसळणंच बरं, ठिबक असेल तर जास्तच. पण मिसळायचं ते हौदात किंवा शेततळ्यात. दोन मोटारी एकाच पाटात सोडल्या की वीज कमी-जास्त होऊन एक बंद पडते आणि तासभर निव्वळ खारं पाणी सरीत जातं. खारं पाणी जड असतं, तळाशी बसतं. म्हणून हौद ढवळून फूटव्हॉल्व्हपाशी इसी तपासा. ठिबकवाल्यांनी हलक्या पावसाच्या वेळी संच बंद करू नये, कारण ठिबकखालच्या ओल्या गोलाच्या कडेला साचलेले क्षार तेवढ्या पावसानं मुळांकडे ढकलले जातात.

पाण्यात सोडियम जास्त असेल तर आलटून-पालटूनचा धोका वाढतो. मचुळामागून गोडं पाणी किंवा पाऊस आला की काळी माती विरघळल्यासारखी फुटते, वर पापुद्रा धरते, पाणी मुरेनासं होतं, जमीन चोपण होते. अहवालात आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचं कार्बोनेट-बायकार्बोनेट, मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये) २.५ च्या वर दिसली तर जिप्समशिवाय हे पाणी वापरू नका. उतरवायच्या प्रत्येक १ आरएससीमागे, एकरी ५ सेंमीच्या एका पाण्याला, ७० टक्के शुद्धतेचं जिप्सम सुमारे २५ किलो लागतं.

सरी-वरंब्यावर क्षार ओलीबरोबर वर चढून माथ्यावर पांढरे फुटतात. बी माथ्यावर टोचू नका, बगलेला टोचा. तुषार संचानं मचूळ पाणी दोन्ही पद्धतींत टाळा, पानं करपतात.

निचरा नसेल तर दोन्ही पद्धती दोन-चार हंगामांत सारख्याच फसतात, भारी काळ्या रानात लवकर. पावसाळ्याआधी बांध नीट करून पाऊस शेतातच मुरू द्या, म्हणजे क्षार खाली धुऊन जातील. रब्बी निघाल्यावर आणि पावसाळा संपल्यावर ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंमीवरची माती तपासा. पावसाळ्यानंतरचा आकडा गेल्या वर्षीच्या त्याच वेळच्या आकड्यापेक्षा चढा आला, तर त्या रानाचं मचूळ पाणी थांबवा आणि आधी भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकून घ्या.