मिनी लेथ की जुना साडेचार फुटी?

घरी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला हत्याराने आकार देणारं यंत्र, घ्यायचा ठरलं की आपल्याकडे फिरून फिरून प्रश्न एकच उरतो. खोक्यातून येणारा सात बाय चौदा इंची चिनी मिनी लेथ घ्यायचा, की नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या एखाद्या बंद झालेल्या शेडमधून राजकोट किंवा बटाल्यात बनलेला, साडेचार फुटी बेडचा जुना लेथ उचलायचा? मी दोन्ही करून बसलोय. मिनी अडीच वर्षं वापरला, जुन्याचं आता चौथं वर्ष चालू आहे. स्विंग, बोअर, वजन हे सगळं तुम्ही पाहिलेलं असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

मिनीची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. दोघांनी उचलला, टेबलावर ठेवला, घरच्या प्लगला जोडला की झालं. वेग बटणावर कमी-जास्त होतो. पितळेच्या बारीक कामाला मला तो फार आवडायचा. कमी वेगात मोटर दम टाकते, त्यामुळे लोखंडी बार पार्टिंगने (अरुंद टूल आत घालून) कापताना टूल थरथरतं, हे खरं. पण ते मी चालवून घेतलं असतं. कंट्रोलचं कार्ड एकदा जळालं, तेही चालवून घेतलं.

नाही चालवून घेतलं ते चकमागच्या तीन नटांना.

चक म्हणजे काम धरून फिरवणारा पंजा. मिनीवर तो स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजला तीन स्टडने बसतो आणि त्याचे नट मागून, फ्लँज आणि हेडस्टॉकच्या (मोटरकडच्या पेटीच्या) मधल्या फटीत. तिथे जेमतेम बोट जातं. पाना थोडासा फिरतो आणि अडतो, मग काढा, पुन्हा लावा. शेवटचे आटे बोटाच्या टोकाने. नट तेलकट असतोच, तो निसटून खाली कीसात पडतो. मग चुंबक घेऊन तो शोधा, पुसा, पुन्हा तीच कसरत. तीन जॉचा चक (जबडे एकदम सरकतात) काढून चार जॉचा (प्रत्येक जबडा वेगळा सरकवून काम नेमकं मध्यावर आणता येतं) लावायला मला सहज वीस मिनिटं लागायची. माझी बोटं जाड आहेत, तुमचं कदाचित दहात होईल.

वीस मिनिटांचंही एवढं काही नव्हतं. पण त्या कंटाळ्यापायी मी चार जॉ वापरणंच सोडलं. जॉब उलटा धरायचा असला की तीन जॉमध्येच धरायचो आणि डायल (काम मध्यावर फिरतंय का ते काट्याने दाखवणारं माप) हलली की एका जॉखाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी सरकवायचो.

दिंडोरीच्या मेव्हण्याने फवारणीच्या ब्लोअरचा एक बुश (शाफ्टवर बसणारी नळी) करायला आणून दिला तोही मी असाच केला. द्राक्षाची गोडी छाटणी उरकलेली, वर ढग, डावणी रोगाची धास्ती, म्हणजे त्याला बुश त्याच रात्री हवा होता. पट्टी घालूनही डायलचा काटा आठ शतांश मिलिमीटर हलत होता. साडेदहा वाजले होते. ‘चालतंय’ म्हणून बोअर (आतलं भोक) मारून दिला. चौथ्या दिवशी फोन आला, “दाजी, बुश एक नंबर झालाय, फक्त सील पुन्हा गळतंय.” पुढच्या दिवाळीच्या आत मिनी विकला.

जुन्याचे गुण गाण्याआधी त्याची दुखणीही सांगतो. माझा चारेकशे किलोचा आहे. सिडकोच्या आमच्या गल्लीत हायड्रा क्रेन वळेना, तेव्हा शेवटचे साठ फूट पाइपांवर, पहारी लावून ढकलत आणला. थ्री फेजची मोटर बदलून सिंगल फेजची लावावी लागली. बेड चकाजवळ झिजलेला आहे: तिथे सॅडलची (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाची) पट्टी घट्ट केली तर टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाला, सॅडल जाम होतं. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा. मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लावा आणि हाफ नट (सॅडलला त्या स्क्रूशी जोडणारा नट) न उघडता प्रत्येक फेरीला मोटर उलटी फिरवून मागे या. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी तेलाचा बोळा फिरवला नाही तर बेडवर गंजाची तांबूस बोटं उमटतात. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर हा विषय इथेच संपला, मिनी घ्या.

पण याचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. बेडवर लाकडी पाळणा ठेवायचा, चक सैल करायचा, हाताने फिरवत पाळण्यावर उतरवायचा. आटे पुसून दुसरा चढवायचा. टपरीवरून आणलेला चहा गरम असतो तोवर डायल लावून मी चार जॉचे स्क्रू फिरवत बसलेलो असतो. मेव्हण्याचा दुसरा बुश याच्यावर झाला. काटा एका रेघेपेक्षा जास्त हलला नाही, सीलचा फोन परत आला नाही. बेड झिजलेला असूनही. छोट्या लांबीच्या कामात ती झीज मला फारशी नडलेली नाही. लांब शाफ्ट करणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं.

याच आट्यांची एक खोड मात्र आहे. मोटर झटक्यात उलटी केली तर चक सुटायला बघतो. पूर्ण थांबू द्या, मगच उलटी करा.

घड्याळाचे, मॉडेलचे बारीक भाग करणार असाल आणि एकच चक वर्षभर चढलेला राहणार असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. दुरुस्तीची कामं येणार असतील, म्हणजे दर वेळी वेगळा, वाकडा, दुसऱ्याच्या हातून झिजून आलेला भाग, तर मी तरी जुन्याकडे झुकेन.

बघायला जाल तेव्हा मालकाला चक काढून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं जाम असेल तर बॅक गिअर (वेग कमी करणारा गिअर) अडकवून हातोड्याने हिसका देऊ देऊ नका, गिअरचा दात तुटतो. मागच्या बाजूला बेड आणि जॉ यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा धरून पट्टा हाताने उलटा ओढायचा. एवढ्याने सुटला आणि आतले आटे स्वच्छ निघाले, तर भावाचं बोलायला हरकत नाही.