मंडी (१९८३): रुक्मिणीबाई आई आहे का मालकीण? पाचपैकी साडेचार

गंगूबाई काठियावाडी हा पिक्चर बघून ज्यांना वाटलं की कोठा चालवणारी बाई म्हणजे पांढरी साडी आणि टाळीचे डायलॉग, त्यांनी श्याम बेनेगलांचा मंडी बघाच. गुलाम अब्बास यांच्या आनंदी या उर्दू कथेवरनं घेतलाय. शबाना, स्मिता, नसीर, नीना गुप्ता, ओम पुरी, कुलभूषण खरबंदा सगळे एका पिक्चरमधे, पण मी लिहितेय ते फक्त शबानाच्या रुक्मिणीबाईबद्दल.

ही बाई पोरींवर खेकसते, लगेच लाडात येते, रुसते, पोलीस आणि घरमालकांशी गोड बोलून काम काढते. झीनतला, म्हणजे स्मिताला, गाण्यापुरतंच ठेवलंय, गिऱ्हाइकाला जवळ फिरकू देत नाही, अगदी डोळ्यात तेल घालून जपते. वाटतं वा, काय माया. आणि तीच बाई फसवून आणलेल्या मुक्या-बहिऱ्या फूलमणीला ठेवून घेते, धंद्याला लावायला बघते, ती पोर जीव द्यायला निघते तरी हिचा आवाज तसाच गोड!! मला हे भयंकर आवडलं म्हणजे भयंकर वाटलं आणि म्हणून आवडलं. गंगूबाईत वाईट माणसं बहुतेक बाहेरची आणि गंगू एकदा गादीवर बसली की पोरी सेफ, इथे जिच्या पदराआड लपायचं तिच्याच हातात हिशोबाची वही आहे.

बरं, नारी सुधारवाल्या शांतीदेवी आणि नगरपालिकेची मंडळी कोठा गावाबाहेर काढतात तो सगळा भाग आपल्या पुण्यात शूट केल्यासारखा वाटतो हो. दगडूशेठचं दर्शन घ्यायचं, तपकीर गल्लीत वायर घ्यायची आणि बुधवार पेठेतल्या त्या धंद्याच्या गल्लीसमोरनं मान न वळवता सुटायचं, आपण तेच. अनैतिक व्यापार रोखणाऱ्या १९५६ च्या कायद्यात, ज्याला सगळे पिटा म्हणतात, कोठा चालवणं गुन्हा आहे त्यामुळे घरवाली, म्हणजे कोठा चालवणारी बाई, कागदावर नुसती आरोपी. पण सांभाळणारी म्हणजे घरवालीच असं थोडीच आहे, याच बुधवारात सहेली संघ आहे, धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना, एकमेकींसाठी उभ्या राहणाऱ्या. मंडीतल्या पोरींना असं काही सुचतच नाही, सगळं बाईच्या मर्जीवर. अर्धा मार्क त्याचा कापला.

नसीरचा टुंगरूस, कोठ्यावरचा नोकर, दारू पिऊन सगळ्यांचा उद्धार करतो तो सीन दोनदा बघितला. नितीश रॉय यांना कलादिग्दर्शनाचं नॅशनल अवॉर्ड मिळालं ते कोठ्याचे जिने आणि खोल्या बघून पटतं.

पिक्चर लांब आहे, मधे जरा गोंधळ वाटतो, पात्रं खूप. बोली हैदराबादी, सबटायटल असतील तर लावा. सासू-सासऱ्यांबरोबर बघू नका, किंवा बघाच, आमच्या सासूबाई शेवटपर्यंत उठल्या नाहीत.