पट्ट्या पाण्यात घातल्या आणि रंग सुटला

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी अक्रोडाच्या बारा पट्ट्या कोमट पाण्यात भिजत घातल्या. लाकडी जहाजाचं मॉडेल बांधताना त्याच्या पोटाला नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, जो वळसा येतो, तिथं कोरडी पट्टी वाकवली की मोडते. म्हणून ती आधी भिजवायची, हलक्या हाताने वाकवायची आणि क्लिपा लावून रात्रभर वाळू द्यायची. अर्ध्या तासाने पाहिलं तर पातेल्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं आणि पट्ट्या पांढुरक्या पडलेल्या.

अक्रोडाचाही थोडा रंग पाण्यात उतरतो, पण लाकूड आतून तपकिरीच राहतं. माझ्या हातातली पट्टी आरपार फिकट होती. तिच्यातली एक घेऊन मी तसाच शेजारच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टोकाशी चाकूने छिललं, नखाने दाबलं, वास घेतला.

"सर, हे अक्रोड न्हाई. मऊ लाकूड हाय, पॉपलरसारखं. वरून नुसता रंग पाजलाय."

मग थोडं थांबून म्हणाले, "कितीला पडलं?"

४२,२०० रुपये. तो आकडा मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितला. घरीसुद्धा निम्माच सांगितला होता.

मी अंबाजोगाईचा. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे, तरी जहाजाचं वेड मला गावातच लागलं. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता, त्यामुळे कोकणातली माणसं आमच्याकडे येत असतात. लहानपणी आमच्या घरी उतरलेल्या रत्नागिरीकडच्या एका आजोबांनी अंगणातल्या फरशीवर खडूने गलबत काढून दाखवलं होतं. डोलकाठी, तिच्यावरचं तिरकं शीड, बाजूची वल्ही. पुढे वर्गात आंग्र्यांचं आरमार शिकवलं जाई तेव्हा मी फळ्यावर तेच चित्र काढायचो. निवृत्तीनंतर एक जहाज हाताने बांधायचं, शेवटच्या दोरापर्यंत, हे ठरलेलंच होतं.

ज्याने फसवलं तो मला पुण्यात एका प्रदर्शनात भेटला. काचेच्या पेटीत तीन डोलकाठ्यांचं जहाज ठेवून उभा होता. रिगिंग, म्हणजे दोरांची बांधणी, इतकं नेटकं की मी तासभर तिथून हललो नाही. बोलायला गोड, विषयाची माहिती असलेला. मी गुराबाचं, म्हणजे मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाचं, किट मिळेल का विचारलं. तो म्हणाला, "गुराबाचं नाही, पण मुंबईत बांधलेल्या ट्रिंकोमालीचं आहे. परदेशी किट, जुना स्टॉक, शेवटचा एक सेट."

एचएमएस ट्रिंकोमाली हे नाव ऐकूनच मी विरघळलो. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेली ही फ्रिगेट जातीची युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या कण्यात, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडात, चांदीचा खिळा ठोकला होता. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, दोनशे वर्षांनंतरही तरंगते आहे. आपल्याकडच्या माणसांच्या हातचं जहाज, आणि तेच मी बांधणार! माझं हे भारावणं त्या माणसाने नीट पाहिलं असणार, कारण नंतरच्या प्रत्येक फोनवर तो लाकडाबद्दल किंवा मापाबद्दल नाही, वाडियांबद्दलच बोलायचा.

मे महिन्यात १२,००० बुकिंगचे. जूनमध्ये २१,५०० बाकीचे. जुलैमध्ये फोन आला की पेटी कस्टम्समध्ये अडकली आहे, ८,७०० भरावे लागतील. व्हॉट्सअ‍ॅपवर राजमुद्रेचं एक पत्रही आलं. तिन्ही वेळा पैसे यूपीआयने गेले आणि तिन्ही वेळा खात्यावरचं नाव वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, "एक भावाचं, एक मेव्हण्याचं." मी मान डोलावली. आता सांगतो, कस्टम्सचं शुल्क कुणाच्या मेव्हण्याच्या खात्यात जात नसतं. ८ नोव्हेंबर २०१९ पासून त्या खात्याच्या पत्रांवर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. माझ्या पत्रावर तसला क्रमांकच नव्हता. आणि 'जुना स्टॉक, माझ्याकडेच पडून आहे' म्हणून सांगितलेली पेटी जुलैत कस्टम्समध्ये कशी अडकली, हा साधा प्रश्नही मला पडला नाही.

जुलैअखेर पेटी आली. मी ती उघडून वरवर पाहिली, तपकिरी पट्ट्यांची जुडी, नकाशे, दोऱ्याची रिळं, आणि परत बांधून ठेवली. दसऱ्याला मुहूर्त करायचा होता. याच ठिकाणी माझं खरं नुकसान झालं. पेटीतल्या एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: तक्रार सात दिवसांत करावी.

ज्यांना हा छंद आहे किंवा लागणार आहे, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. मोबाइल किंवा साडी घेतली तर खोट दोन दिवसांत कळते. लाकडी जहाजाच्या किटमधली खोट कामाच्या क्रमाने बाहेर येते. कण्याची फळी वाकडी आहे हे पहिल्या आठवड्यात कळतं, फासळ्या चुकीच्या कापल्यात हे पट्ट्यांचा पहिला थर चढवताना, वरचा थर खोटा आहे हे चार महिन्यांनी, आणि दोरा खोटा आहे हे तर वर्षाने, रिगिंग ढिलं पडल्यावर. तोवर तुम्ही सगळं कापलेलं, चिकटवलेलं असतं. मी फेब्रुवारीत फोन केला तेव्हा त्याचं उत्तर तयारच होतं: "सर, वापरलेला माल कसा परत घेणार? तुमच्याच हातून बिघडलं असेल."

ते शेवटचं वाक्य फार लागलं. कारण त्याआधी दोन महिने मी हेच स्वतःला सांगत होतो. पहिल्या थराच्या पट्ट्या पाचव्या आणि नवव्या फासळीवर उंच उचलल्या जात होत्या. मी घासत बसलो, पुटी भरत बसलो, माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही असं मनाशी धरलं. हिने एकदा रात्री अकरा वाजता येऊन दिवा बंद केला, म्हणाली, "उद्या करा, डोळे बघा कसे झालेत." खोट लाकडात होती, हातात नव्हती.

रंग सुटला त्या रात्री मिस्त्री आणि मी पेटीतलं सगळं सामान सतरंजीवर मांडून तपासलं. पेटी दारात आली त्याच दिवशी हे करायला हवं होतं.

सगळ्यात आधी नकाशा. ट्रिंकोमालीच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट. किटवर प्रमाण छापलेलं १:६४. म्हणजे डेक साधारण ७१ सेंटीमीटर यायला हवा आणि रुंदी १९. मी फूटपट्टी लावली: ५३ आणि साडेचौदा. उलटा हिशेब केला तर मूळ जहाज १११ फुटांचं निघतं. मग तोफांची भोकं मोजली. ट्रिंकोमालीच्या त्या डेकवर २८ तोफा, म्हणजे एका बाजूला १४ भोकं. आमच्या नकाशात दहा. कुठल्या तरी लहान जहाजाचा नकाशा झेरॉक्स करून वर ट्रिंकोमालीचं नाव चिकटवलं होतं. उजेडाकडे धरल्यावर चिकटवलेल्या पट्टीची कड झेरॉक्समध्येही दिसली. तीस वर्षं मुलांना प्रमाण शिकवलं आणि स्वतःच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग लाकूड. पट्टी कापून तिचं टोक पाहायचं. आत आणि बाहेर रंग एकच हवा. एक तुकडा पाण्यात घालून तासभर ठेवायचा. फासळ्या डिंक न लावता कण्यात बसवायच्या आणि त्यांच्यावरून एक लांब लवचीक पट्टी नाळेपासून मागपर्यंत फिरवायची. ती प्रत्येक फासळीला टेकली पाहिजे, कुठं उचलली जाता कामा नये, कुठं पोकळी राहता कामा नये. कण्याची फळी आरशावर ठेवून पाहायची. माझी मधोमध चार मिलिमीटर उचललेली होती. चांगल्या किटमध्येही फळी एखाद्या वेळी वाकलेली येते, पण बहुतेक नावाजलेले उत्पादक कळवल्यावर ती बदलून देतात.

दोऱ्याची तर वेगळीच कथा. जहाजात दोन तऱ्हेचं रिगिंग असतं. डोलकाठ्यांना आधार देणारं स्थिर रिगिंग, खऱ्या जहाजावर डांबर लावलेलं, म्हणून मॉडेलमध्ये काळं किंवा गडद. आणि शिडं-आडकाठ्या हलवणारं चालतं रिगिंग, अंबाडीच्या दोरासारखं फिकट. दोन्हींत कामाप्रमाणे जाडी बदलते. डोलकाठीला पुढून धरणारा मुख्य स्टे सगळ्यात जाड, बाजूचे श्राउड त्याहून बारीक, आणि श्राउडवर खलाशांना चढायला बांधलेल्या रॅटलाइन सगळ्यात बारीक. एका फ्रिगेटला आठ-दहा जाडीचे दोरे सहज लागतात. माझ्या पेटीत दोनच जाडीची रिळं, एक काळं, एक पिवळं. मिस्त्रींनी काडी ओढली. दोरा जळून राख व्हायच्या ऐवजी आक्रसला आणि टोकाला कडक मणी झाला. नायलॉन. सुती दोरा जळून राख होतो. नायलॉन ताणाखाली लांबत जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. शेकडो गाठी मारून बांधलेले श्राउड उन्हाळ्यानंतर लोंबकळलेले दिसले असते, आणि तेव्हाही मी माझ्या गाठींनाच दोष दिला असता.

डेडआय म्हणजे तीन भोकांच्या चकत्या. वरची आणि खालची यांच्यात बारीक दोरी ओवून श्राउड ताणतात. यादीत ७२ लिहिलेल्या, पेटीत ४१ निघाल्या, त्याही प्लास्टिकच्या, काहींत भोकं आरपार नव्हती. पेटीतली प्रत्येक गोष्ट यादीशी मोजून घेणं हे कंटाळवाणं काम आहे, पण दोन तासांचंच आहे.

पुण्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने उत्पादकाच्या स्वतःच्या विक्रेता-यादीत पाहून घेतलेल्या किटचे फोटो मला पाठवले. त्याच्याकडे पक्कं बिल आहे, भागांची क्रमांकवार यादी आहे, नकाशावर उत्पादकाचं नाव आहे. "सर, तुम्ही आधी मला फोन का नाही केला?" असं तो म्हणाला. खरं सांगायचं तर लाजेने नाही केला. या वयात खेळण्यावर एवढे पैसे घालतो असं कुणी म्हणेल याची भीती होती. असं गुपचूप घेणारं गिऱ्हाईकच अशा माणसांना हवं असतं.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. १९३० या सायबर हेल्पलाइनला मी फोन केला तेव्हा पहिला हप्ता जाऊन नऊ महिने झाले होते. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, नोंद केली, पोर्टलवर तक्रार भरायला सांगितली. पण पैसे खात्यांतून केव्हाच पुढे गेले होते. पैसे गेल्या गेल्या, काही तासांत कळवलं तर ते गोठवण्याची शक्यता असते. ग्राहक आयोगात मात्र दोन वर्षांची मुदत असते, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. म्हणून मी बीडला तक्रार दिली आहे. पेटी उघडतानाचा सलग व्हिडिओ मजजवळ असता तर माझी बाजू आज कितीतरी भक्कम असती. तो मी काढला नाही. रंग सुटलेल्या पट्ट्या, जळलेला दोरा आणि नकाशा मात्र पाकिटात घालून, तारखा टाकून ठेवले आहेत.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या पंधरवड्यात माझ्या त्या विद्यार्थ्याला अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. 'मराठा आरमाराचं गुराब, अस्सल सागवानी किट, शेवटचा एक सेट, ५२,००० रुपये.' फोटोत तेच काचेच्या पेटीतलं जहाज आहे. गुराब नव्हेच ते. गुराबाची नाळ बुटकी, टोकदार, पुढे निघालेली असते आणि तिच्यावरून तोफा समोर डागता येतात. हे उंच नाळेचं, तीन डोलकाठ्यांवर आडव्या शिडांचं इंग्रजी जहाज आहे. काचेवर डावीकडे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आहे आणि मधल्या डोलकाठीच्या उजव्या बाजूचा एक दोर सुटून खाली लोंबतो आहे. तुमच्याकडे हा फोटो आला, मग नाव कुठल्याही जहाजाचं असो, पैसे पाठवू नका आणि तो नंबर १९३० ला कळवा.