नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, आणि जीव लावून काम करणारी टीम

आजोबांचं महालातलं घर रिनोव्हेट करून घेतलं, टीम खरंच भारी निघाली! आधी बघायला आलेला एक इंटेरिअरवाला म्हणे सगळीकडे फॉल्स सीलिंग करा, सागवानी खांब झाकून टाका. अरे त्या सागवानासाठीच तर जीव तुटतो ना आमचा. या लोकांनी जुना ऑइल पेंट खरवडला, लाकूड घासून नुसतं पॉलिश केलं, आता रेषा काय सुंदर दिसतात! भिंती चुन्याच्या, त्यावर सिमेंट मारायला मिस्त्रींनी सरळ नाही म्हटलं, सिमेंटनं ओल आतच कोंडते मग पोपडे निघतात, चुन्यातून ती सुकून जाते, असं नीट समजावून सांगणारा माणूस मिळत नाही बावा सहजासहजी. गच्चीवर पांढरा चुना दिला, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तर ते पाहिजेच. मी तबला वाजवतो हे कळल्यावर कोनाडे बुजवायचे सोडून एका मोठ्या कोनाड्यात तबला-डग्ग्याची जागा केली, वरून पिवळा लाईट, घर एकदम माझं वाटायला लागलं. वायरिंगचं काम मात्र फार रेंगाळलं आणि धूळ विचारू नका, सामान आधीच हलवून ठेवा. जुनं घर पाडायच्या विचारात असाल तर आधी यांना एकदा दाखवाच.