सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं गनड्रिलिंगचं वर्कशॉप

माझं काम: ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) शाफ्ट, १२ मिमीचं भोक, खोली ६०० मिमी. साध्या लेथवर दोन्हीकडून ट्विस्ट ड्रिल (नेहमीचं पिळाचं ड्रिल) मारलं की दोन भोकं नीट जुळत नाहीत, मधे पायरी ठरलेलीच. इथं गनड्रिल आहे, म्हणजे खोल, सरळ भोकं पाडायचं लांब ड्रिल. ड्रिलच्या आतून दाबानं तेल थेट टोकाशी जातं, चिप (धातूचा कीस) ड्रिलच्या खाचेतून बाहेर पडते. ड्रिल सारखं मागे घ्यायची कटकट नाही. मिस्त्रींनी जॉबही (म्हणजे शाफ्टही) ड्रिलच्या उलट दिशेनं फिरवला, म्हणून भोक मधोमध राहिलं. पलीकडच्या तोंडाला डायल गेज (मधोमधपणा मोजायचं घड्याळ) लावून बघितलं, खूश झालो. रेट सोलापूरच्या मानानं चढा, पण पुण्याला पाठवायचं भाडं वाचतं. तारखेचं मात्र काही खरं नाही. ‘उद्या या साहेब’ ऐकून कान किटले. होनिंग (भोक आतून घासून गुळगुळीत करणं) इथं होत नाही, ते बाहेरून करून घ्या.