बाथ की बेबिंका? घरी पहिल्यांदा करताना काय निवडावं

नाताळ जवळ आला की गोव्याचा केक घरी करून बघायची हुक्की अनेकांना येते, आणि नाव बहुतेकांच्या तोंडी एकच असतं: बेबिंका. 2023 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, दाबोळीच्या विमानतळापासून मडगावच्या बेकऱ्यांपर्यंत तिची खोकी दिसतात. बाथ त्या मानाने मागे राहतो. रवा, ओलं खोबरं आणि भरपूर लोणी घातलेला हा केक गोव्याबाहेर फारसा कुणी विकतही नाही. पण पहिल्यांदाच भट्टी लावणार असाल, तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी बाथ करा. बेबिंकाला हात घालण्यापूर्वी तुमच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) वरचा रॉड एकटा चालवता येतो का, ते बघा. तो चालत नसेल तर बेबिंकाचा विचार सोडून द्यावा.

कारण या दोन्हींची शिजण्याची तऱ्हाच वेगळी आहे. बाथ चारी बाजूंच्या उष्णतेवर एकदाच भाजला जातो. बेबिंका थराथराने, फक्त वरून भाजतात. पूर्वी मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचा विस्तव घालत. तेच काम आता वरचा रॉड करतो. खालून आच चालू राहिली तर पाचवा थर पडेपर्यंत पहिला करपलेला असतो.

बाथचं प्रमाण, सात इंची गोल भांड्यासाठी: बारीक रवा 250 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, बटर 125 ग्रॅम, अंडी 3, खोवलेलं ओलं खोबरं 150 ग्रॅम, नारळाचं दूध 100 मिली, बेकिंग पावडर 1 चहाचा चमचा, वेलची किंवा चमचाभर गुलाबपाणी. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बटर बाहेर ठेवून मऊ करा, वितळवू नका. वितळलेल्या बटरमध्ये फेटताना हवा धरत नाही आणि केक बसका होतो. बटर-साखर फिकट होईपर्यंत फेटायची, अंडी एकेक करून घालायची. ती थेट फ्रीजमधली असतील तर मिश्रण फुटल्यासारखं दिसतं. अशा वेळी दोन चमचे रवा घालून पुढे जा. खोबरं मिक्सरमध्ये एक-दोनदाच फिरवा, वाटण होऊ देऊ नका. मग खोबरं, रवा आणि नारळाचं दूध घालून सगळं कालवा.

यानंतर मिश्रण झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. बाथ बिघडतो तो बहुतेक वेळा ही पायरी गाळल्यामुळे: न भिजलेला रवा दाताखाली कचकचतो आणि भट्टीत ओलावा शोषून केक कोरडा पाडतो. सकाळी मिश्रण चमच्यावरून गोळ्यासारखं पडेल इतकं घट्ट झालेलं असतं. ते तासभर बाहेर ठेवा, सरसरीत होण्यापुरतं दोन-तीन चमचे दूध घाला आणि बेकिंग पावडर आत्ता मिसळा. ती रात्रीच घातली तर सकाळपर्यंत तिचा जोर ओसरतो.

वर जाळी घालायची असेल तर 60 ग्रॅम मैदा, चमचाभर बटर आणि लागेल तेवढं पाणी घेऊन घट्ट मळा, पातळ लाटून पट्ट्या कापा आणि त्या तिरप्या एकमेकींवर टाका. 180 अंशांवर 45 ते 50 मिनिटं लागतात. खोबरं आणि साखर लवकर रंग धरतात, तेव्हा अर्ध्या तासाने वर फॉइल ठेवा. मैदा फक्त जाळीत असल्याने गरम असताना कापला तर बाथचा चुरा होतो. पूर्ण निवू द्या.

बेबिंका सहा इंची भांड्यात करावी. नारळाचं पहिलं घट्ट दूध 400 मिली (दोन नारळ, किंवा 200 मिलीचे दोन डबे), साखर 250 ग्रॅम, अंड्यांचे पिवळे बलक 8, मैदा 120 ग्रॅम, पाव जायफळ किसून, चिमूटभर मीठ आणि साजूक तूप 150 ग्रॅम. दूध कोमट करून त्यात साखर विरघळवा आणि ते पूर्ण निवल्यावरच बलकांत ओता. गरम ओतलंत तर बलकांच्या गुठळ्या होतात. मैदा हलक्या हाताने मिसळा, जास्त घोटलात तर थर रबरासारखा ताणला जातो. मिश्रण गाळून अर्धा तास ठेवा.

भांड्यात दोन मोठे चमचे तूप गरम करून शंभर मिलीची एक पळी मिश्रण ओता. हा पहिला थर तेवढा दोन्ही रॉडवर, 180 अंशांवर साधारण पंधरा मिनिटं. मग खालचा रॉड बंद करा आणि खाली रिकामा ट्रे सरकवा. पुढच्या प्रत्येक थराआधी मोठा चमचा तूप पसरायचं, ते चरचरू लागलं की पळी ओतायची. पळी भरण्यापूर्वी मिश्रण प्रत्येक वेळी ढवळा, मैदा तळाशी बसतो. थराला आठ ते दहा मिनिटं लागतात.

थर झाला हे घड्याळ बघून ठरवू नका. पुरणपोळीवर पडतात तसे तपकिरी डाग दिसले आणि बोट टेकवल्यावर ते कोरडं निघालं, की पुढची पळी. थर मध्येच फुगला तर सुरीच्या टोकाने टोचा. ओला राहिलेला थर नंतर शिजत नाही, कारण वरची उष्णता पुढचा थरच घेतो. कापल्यावर तिथे चिकट पट्टा दिसतो. उलट कडक पापुद्रा धरेपर्यंत भाजलात तर वरचा थर त्याला धरत नाही आणि काप उलगडून पडतो. केक वर चढेल तसं भांडं एक खाच खाली घ्या. या प्रमाणात सात थर नीट बसतात. सोळा थरांची हौस नंतर भागवा.

म्हणजे बाथला हाताखालचं काम तास-दीड तासाचं, पण आदल्या रात्री सुरुवात हवी. बेबिंकाला सलग दोन तास ओटीजीपाशी उभं राहावं लागतं, आणि खर्चही जास्त. घरात अंडं चालत नसेल तर प्रश्नच मिटतो: बाथमध्ये तीन अंड्यांऐवजी 150 ग्रॅम दही आणि चिमूटभर खायचा सोडा चालतो, पोत जरा भुसभुशीत येतो इतकंच. बलकांशिवाय बेबिंका होत नाही. फक्त गॅस असेल तरीही बाथच, जाड कढईत मिठाचा थर तापवून, झाकण लावून, मंद आचेवर.

परगावी न्यायचं असेल तर मात्र आम्ही बेबिंकाच्या बाजूने आहोत. साखर-तुपामुळे ती थंडीत चार-पाच दिवस बाहेर टिकते आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते. ओल्या खोबऱ्याचा बाथ दोन दिवसांनंतर फ्रीजमध्येच ठेवावा लागतो. बेबिंका फ्रीजमध्ये ठेवलीत तर तूप गोठून ती कडक होते. खाण्याआधी काप दहा-वीस सेकंद मायक्रोवेव्हमध्ये फिरवा.

उरलेले आठ पांढरे बलक बंद डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. साखर आणि सुकं खोबरं घालून त्यांचे मॅकरून करता येतात, तेही त्याच ओटीजीत, 150 अंशांवर.